टॉवेल लावलेलं दार

हातोडीने त्या माणसाचे पुढचे दात पाडले तेव्हा तिच्या केसांत साबणाचा फेस होता. माडीवरच्या मोरीत ती डोकं धूत बसली होती. भर दुपार, नळाला नुकतंच पाणी आलेलं, आणि तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून फळी वाजली. धाड, धाड, धाड. हातोडी तशीच उठली. ओला परकर छातीशी बांधलेला, डोळ्यांत साबण चरचरतोय, पाय अनवाणी. लाथेने दार उघडलं तर आत एक दांडगा गडी धाकटीला भिंतीशी दाबून उभा. एका हाताने तिचा गळा आवळलेला, दुसऱ्या हातात दाढीचं पातं. धाकटीच्या दंडातून रक्त गळत होतं आणि खाली फरशीवर कंडोमचं न फोडलेलं पाकीट पडलं होतं. भांडण कशावरून पेटलं हे विचारायचं कारणच नव्हतं.

"काय रे," हातोडी म्हणाली, "पातं दाढीसाठी आणलंस की बाईसाठी?"

तो वळून बघायला गेला आणि तिथेच चुकला. हातोडीची मूठ त्याच्या तोंडावर बसली. तो खाली कोसळेपर्यंत बाकीच्या बायका पोचल्या होत्या. कुणाच्या हातात चप्पल, कुणाच्या हातात झाडू, एकीने तर भरलेली बादलीच आणली होती. जिना उतरताना, म्हणजे गडगडताना, त्या गड्याला पळता भुई थोडी झाली. तोंडातून रक्त ओघळत असतानाही तो वर बघून ओरडला, "एकेकीला बघून घेईन!"

"आधी आरशात बघ," वरून हातोडी म्हणाली, आणि डोकं धुवायला परत गेली. तोवर नळाचं पाणी गेलं होतं. त्याचा राग तिने दिवसभर सगळ्यांवर काढला.

अशी ही बाई. हात जड म्हणून नाव हातोडी. खाली दुकानं, वर ही माडी, आणि माडीवर एका लांबट दालनात फळ्या ठोकून पाडलेल्या खोल्या. प्रत्येक खोलीत एक खाट, एक बादली, एक आरसा. मधली फळी इतकी पातळ की पलीकडची कूस बदलली तरी अलीकडचीला कळावं. इथल्या बायका अंगावर धंदा करून पोट भरायच्या, आणि त्यांचा कायदा असा होता: गिऱ्हाईक कंडोमला नाही म्हणालं तर आधी समजवायचं, मग दार दाखवायचं, आणि अंगावर आलंच तर फळी बडवायची. फळी वाजली की हातातलं टाकून सगळ्यांनी धावायचं. मग ती बाई सकाळीच तुमच्या झिंज्या उपटून गेलेली का असेना.

हा कायदा हातोडीने आणला, आणि तो काही कुणी ताटात वाढून दिला नव्हता. पूर्वी गिऱ्हाइकाला नाही म्हणणाऱ्या बाईला माडीची मालकीण, जिला सगळ्या घरवाली म्हणायच्या, तिचा माणूस रबरी पाइपने फोडून काढायचा. लग्नाच्या नवऱ्याने हातोडीला इथे आणून सोडलं तेव्हा ती चांगली हाडापेराची बाई होती, तरी त्या पाइपाचे वळ तिच्या पाठीवर कायमचे राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. हातोडी तेव्हा गप्प होती, कारण सगळ्याच गप्प होत्या.

मग बुटकी आजारी पडली. बुटकी हातोडीची जिवाभावाची मैत्रीण, हसायला लागली की ठसका लागेपर्यंत हसणारी. तिचं वजन उतरलं, हगवण थांबेना, जिभेवर आणि घशात दह्यासारखा पांढरा थर आला. एड्स आहे म्हणून कळल्यावर घरवालीने तिला उचलून जिन्याखालच्या कोपऱ्यात टाकलं. तिचं ताट बायका पायाने सरकवायच्या. हातोडीसुद्धा पायानेच सरकवायची. एकदा जिना चढणाऱ्या एका गिऱ्हाइकाने वाटेत आडवा आलेला बुटकीचा पाय लाथेने बाजूला केला, हाड मोडल्याचा आवाज आला, आणि तो तसाच शीळ घालत वर चढला. हातोडीने त्याला वर पोचू दिलं नाही. त्या दिवशी घरवालीच्या माणसाने तिला बेशुद्ध पडेपर्यंत मारलं. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं काम काय केलं, तर बुटकीला दोन्ही हातांनी उचलून मोरीत नेलं आणि आंघोळ घातली. बुटकी त्याच आठवड्यात गेली.

ती गेल्यावर आरोग्य केंद्रातली सिस्टर माडीवर आली. हातोडीने तिच्या अंगावर खरकट्या पाण्याचं पातेलं उपडं केलं. सिस्टरने पदराने तोंड पुसलं आणि ओल्या साडीने उभी राहूनच बोलायला सुरुवात केली. हा रोग शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. होतो तो कंडोमशिवायच्या संबंधातून, रोग्याच्या रक्तातून, एकमेकांच्या सुईतून, आणि आईकडून बाळाला. हातोडी ऐकत होती आणि तिचं तोंड वाकडं होत चाललं होतं.

"म्हणजे ताट हाताने दिलं असतं तरी चाललं असतं?" तिने विचारलं.

"चाललं असतं," सिस्टर म्हणाली.

हातोडी तिथेच जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडली, आणि दुसऱ्या दिवशी केंद्रात जाऊन कंडोमची पेटी डोक्यावर घेऊन आली.

पुढे तिने जे केलं त्याला शिकवणं म्हणायचं की दादागिरी, हे ज्याचं त्याने ठरवावं. झाडूचा दांडा खाटेला टेकवून ती बायकांना कंडोम चढवायला शिकवायची. "बघा गं, ताठ आहे पण डोकं नाही, अगदी गिऱ्हाइकासारखा. नखं लावू नका. टोकाला चिमटीत धरा, हवा काढा. आणि काम झालं की गाठ मारून डब्यात; खिडकीतून टाकाल तर खालच्या शिंप्याच्या टोपीवर पडतं, मागे पडलं होतं." बायका हसून लोळायच्या. दर सहा महिन्यांनी ती सगळ्यांना रक्त तपासायला हाकून न्यायची. सुईला घाबरणारीला धरून बसवायची. घरवालीला हे काही पटलं नाही. तिने पुन्हा पाइप बाहेर काढला, तेव्हा सगळ्याच बायकांनी आतून कड्या लावल्या आणि गिऱ्हाइकं जिन्यावरून माघारी जायला लागली. मग तिलाही पटलं.

आता या कायद्याला एक भोक होतं, आणि तेही हातोडीनेच पाडलेलं.

माडीवरच्या जवळजवळ प्रत्येक बाईचा एक आपला माणूस असायचा. गिऱ्हाईक नव्हे, जिवाचा. तो आला की ती आंघोळ करायची, स्वतःच्या हाताने जेवू घालायची, गिऱ्हाइकाला 'ए' आणि याला 'अहो' म्हणायची. तो आत असला की दाराच्या बाहेरच्या कडीला टॉवेल लावायचा. टॉवेल दिसला की कुणी हाक मारायची नाही, दार ठोकायचं नाही, आणि आतून काहीही ऐकू आलं, अगदी फळी वाजली तरी, जायचं नाही. नवराबायकोचा मामला आहे, त्यांचं ते बघतील. अख्ख्या जगाने ज्यांचं दार उघडं टाकलं, त्यांना एक बंद दार तरी असावं, म्हणून हातोडीने हा नियम केला होता. कंडोमचं तर नावच नको. ते गिऱ्हाइकासाठी. आपल्या माणसाला पाकीट पुढे करणं म्हणजे त्याला सांगणं की तूही त्यातलाच एक. कुठली बाई असं सांगेल? हातोडीने एकीलाही कधी ते शिकवलं नाही, आणि स्वतः तर मिस्त्रीपुढे ते पाकीट काढायचं तिच्या स्वप्नातही आलं नाही.

मिस्त्री तिचा माणूस. गिलाव्याचं काम करायचा. तिच्या खोलीच्या आंधळ्या भिंतीत त्याने खिडकी पाडून दिली होती, तीही घरवालीशी शिव्यागाळ करून. कधी हात उचलायचा, नाही असं नाही. पण हातोडीच्या लेखी तो मार नव्हताच. जो पुरुषांचे दात पाडायचा तो हात मिस्त्रीपुढे नुसता मांडीवर पडून असायचा.

मिस्त्री वाळायला लागला. खोकला महिनोन् महिने जाईना. सिस्टरने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "मिस्त्रीला एकदा घेऊन येशील का तपासायला?"

"का? त्यांनी काय धंदा मांडलाय?" हातोडी फिस्कारली. "सिमेंट नाकात जातं, म्हणून खोकतात." त्या खेपेला केंद्रात गर्दी आहे म्हणून तिने स्वतःची तपासणीही टाळली.

धाकटी मात्र तोंडावर बोलली. धाकटी नावापुरती धाकटी. पंचविशी ओलांडलेली, नवऱ्याने टाकलेली बाई होती. माडीवर आली तेव्हा जिन्यात बसून नुसती थरथरत होती, आणि हातोडीने तिला आपल्या शेजारची खोली दिली, आपल्या ताटात जेवू घातलं. तिला अक्का म्हणणारी जगात ही एकटीच.

"अक्का, दुसऱ्या कुणाचा माणूस असा वाळला असता तर तू त्याला मानगूट धरून नेला असतास," धाकटी म्हणाली.

हातोडीने तिच्या अशी थोबाडीत मारली की धाकटीचा कान संध्याकाळपर्यंत वाजत होता. दिव्याखाली अंधार असतो; पण तो दाखवणाऱ्याला चटका बसतो हेही खरं.

चारच दिवसांनी मिस्त्री जेवायला बसला आणि पहिल्याच घासाला कळवळून ओरडला. "काय मिरच्या घातल्यास का काय!" त्याने आ केला. हातोडीने वाकून पाहिलं. जिभेवर आणि टाळूवर पांढरा थर होता, दह्यासारखा. तिने तो ओळखला. सगळ्या माडीला जे ती आरडून ओरडून सांगत होती ते तिच्या ताटावर येऊन बसलं होतं.

तिने टॉवेल लावलेल्या दाराआड, आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू आवाजात विचारलं, "अहो, माझ्याबरोबर केंद्रात येता का? नुसतं रक्त द्यायचं. आणि तोवर... तोवर आपण पाकीट वापरू."

मिस्त्रीने ताट भिरकावलं. ते तिच्या भुवईला लागलं.

"मला पाकीट दाखवतेस? मला?" तो उठला. "अख्ख्या गावाला निजवणारी तू, आणि रोग मला?"

पहिली लाथ पोटात बसली. मग तो थांबेचना. आजारी माणसाच्या अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे, भीतीचं असावं. केस धरून त्याने तिचं डोकं खाटेच्या खुरावर आपटलं. गुडघा बरगडीत घातला. हातोडी अजूनही हात उचलत नव्हती. "अहो, ऐका, अहो..." एवढंच म्हणत होती. त्याने गळा धरला तेव्हा मात्र तिने मूठ वळली, आणि ती त्याच्या तोंडावर न मारता फळीवर मारली. धाड, धाड, धाड.

कुणी आलं नाही.

पलीकडे धाकटी होती. हातोडीला तिची खाट करकरलेली ऐकू आली, म्हणजे ती उठून बसली होती. मोरीतलं पाणी कुणीतरी बंद केलं. सगळी माडी जागी होती, ऐकत होती, आणि सगळ्यांनी कानांवर हात ठेवले होते. तिने पुन्हा फळी बडवली. मग सरपटत दारापाशी गेली, कडी काढली, उजवा हात बाहेर घातला. मिस्त्रीने सगळं अंग टाकून दार लोटलं. बोटं आणि मनगट फटीत होतं. त्याने दार मागे ओढलं आणि पुन्हा लोटलं. मग आणखी एकदा. टॉवेल खाली पडला तेव्हा कुठे बायका धावल्या, आणि त्यांच्या गर्दीतून वाट काढत मिस्त्री जिना उतरून निघून गेला.

धाकटीने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, "अक्का, टॉवेल होता गं. टॉवेल होता ना."

दवाखान्यात हाताला प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, बोटं पूर्वीसारखी वळणार नाहीत. रक्त डाव्या हातातून घेतलं. निकाल सांगायला सिस्टर स्वतः आली, खुर्ची ओढून समोर बसली, आणि हातोडीला तिच्या बसण्यावरूनच कळलं. एचआयव्ही होता. हातोडीने डावी मूठ भिंतीवर हाणली. सिस्टरने ती दोन्ही हातांनी पकडली आणि सोडली नाही.

"ऐक. बुटकीचे दिवस गेले. आता गोळी आहे. रोज घ्यायची, जन्मभर, एकही दिवस न चुकवता. रोग दबून राहतो. म्हातारी होशील."

"आणि ते?"

"त्यांनाही आहे गोळी. आले तर."

मिस्त्री आला नाही. हातोडीने निरोप धाडले, सिस्टर त्याच्या कामावर जाऊन आली, पण तो बधला नाही. उलट जाईल तिथे सांगत सुटला की माडीवरच्या बाईने रोग दिला. चोराच्या उलट्या बोंबा. थोड्या महिन्यांनी तो बहिणीच्या घरी रक्त ओकून मेला. बातमी आली त्या दिवशी हातोडीने त्याला इतक्या शिव्या दिल्या की खालचा शिंपी दुकान बंद करून गेला, आणि मग त्याने पाडलेल्या खिडकीत डोकं ठेवून ती रडली. तिला तो हवा होता. एका गोळीच्या अंतरावर होता आणि मेला. हे तिला कधीच माफ करता आलं नाही, ना त्याला, ना स्वतःला.

पण तो मरायच्या पुष्कळ आधी, हाताला प्लास्टर असतानाच, तिने सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं, आजपासून टॉवेल लावा नाहीतर गोधडी लावा, फळी वाजली की आम्ही आत येणार. आणि आपल्या माणसालाही पाकीट. अहोंनासुद्धा.

तिला वाटलं होतं सगळ्या मान डोलावतील. माडी पेटली.

"तुझा नासका निघाला म्हणून आमच्यांवर का शिंतोडे?"

"आमचे हे तसे नाहीत!"

"माझेपण नव्हते," हातोडी म्हणाली.

कुणीतरी तिला धक्का दिला, तिने डाव्या हाताने परत दिला, आणि मग केस, नखं, चपला, सगळं चालू झालं. ज्या बायका एका हाकेला धावायच्या त्याच तिच्या अंगावर तुटून पडल्या. सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडत होतं, तर धाकटी.

कारण धाकटीचं ठरलं होतं. तिचा माणूस ड्रायव्हर होता, लांब लांब गाडी न्यायचा, आणि त्याने तिला दुसऱ्या गावात खोली घेऊन द्यायचं कबूल केलं होतं. दोघांची खोली, स्वतःची मोरी, आणि एक मूल. मूल हवं म्हटल्यावर पाकीट कुठलं? मध्यंतरी धाकटीचं ओटीपोट दुखायला लागलं, अंगावरून घाण जायला लागली. सिस्टरने तपासून सांगितलं की ही संबंधातून आलेली लागण आहे, गोळ्यांनी बरी होईल, पण दोघांनी घ्यायला हव्यात. ड्रायव्हर म्हणाला, मला काही झालेलं नाही. धाकटीने एकटीने गोळ्या घेतल्या, बरी झाली, पुन्हा तेच दुखणं. रक्त अजून स्वच्छ होतं. हातोडीला एवढंच दिसत होतं: धाकटीचं रक्त आज स्वच्छ आहे. उद्याचं कुणी सांगावं.

तिने समजावलं. "त्याला रक्त दाखवायला सांग. स्वच्छ निघालं तर सिस्टरला विचारून मूल कर, मी बारशाला नाचते."

"तुला माझं बघवत नाही," धाकटी म्हणाली. "तुझा सोडून गेला ना!"

हातोडीने या वेळी थोबाडीत मारली नाही. मारायचा हातच उरला नव्हता, आणि बोलणं जिथे लागायचं तिथे लागलं होतं.

पुढच्या खेपेला ड्रायव्हर आला तो दुपारचा. कडीला टॉवेल लागला. हातोडी आपल्या खाटेवर बसली होती आणि पातळ फळीपलीकडून तिला सगळं ऐकू येत होतं: चपला काढल्याचा आवाज, धाकटीचं हसणं, "अहो, सोडा ना." ती उठली. बाहेर आली. टॉवेल लावलेल्या दारावर तिने प्लास्टरचा हात आपटायला सुरुवात केली.

"अगं, टॉवेल आहे!" बायका बाहेर आल्या. "वेड लागलं का?"

"माझ्या वेळीही होता!" ती ओरडली. "तुम्ही ऐकत होता ना? ऐकत होता की नाही? सांगा!"

ती आपटतच राहिली. प्लास्टरला चीर गेली, आतलं हाड ठणकून डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी आपटत राहिली. दार उघडलं आणि ड्रायव्हर बनियनवर बाहेर आला.

"काय पाहिजे, म्हातारे?"

"रक्त तपासून ये. नाहीतर पाकीट घाल. नाहीतर चालता हो."

त्याने तिला छातीत लाथ घातली. ती समोरच्या फळीवर आदळली, उठली, परत दारात उभी राहिली. त्याने कमरेचा पट्टा काढला. पट्ट्याचं बक्कल तिच्या गालावर बसलं, गाल फाटला. मागून धाकटीने तिच्या डोक्यात पाण्याचा लोटा घातला. "जा ना, अक्का! जा ना! का माझ्या मुळावर उठलीस?" हातोडी गुडघ्यांवर पडली, पण तिने उंबरा सोडला नाही, डाव्या हाताने चौकट धरून ठेवली. बायका भिंतीला चिकटून उभ्या. कायदा कायदा असतो.

ड्रायव्हर हसला. धाकटीकडे बोट करून म्हणाला, "हिच्यासाठी मी रक्त तपासू? धंदेवालीसाठी? अशा मला प्रत्येक नाक्यावर आहेत."

धाकटी म्हणाली, "अहो, असं काय..." आणि त्याच्या हाताला धरायला गेली. त्याने न बघताच पट्टा मागे फिरवला. तो तिच्या तोंडावर बसला.

पहिली चप्पल कुणी मारली हे नंतर कुणीच कबूल केलं नाही. सगळ्या एकदम पुढे आल्या. कुणी त्याच्या बनियनला धरलं, कुणी केसांना, एकीने त्याच्या कानाचा लचका तोडला. हातोडी उठली आणि तिने तुटक्या प्लास्टरसकट उजवा हात त्याच्या नाकावर हाणला. तिचं हाड पुन्हा मोडलं, त्याचंही मोडलं. जिन्यावरून तो खाली गेला तेव्हा त्याच्या अंगावर बनियन नव्हतं आणि एका डोळ्याने त्याला दिसत नव्हतं. तो पुन्हा आला नाही. खोली नाही, मोरी नाही, मूल नाही; काहीच आलं नाही.

धाकटीने त्याला एक शब्द लावला नाही. सगळा राग हातोडीवर. रक्ताने माखलेल्या तोंडाने ती किंचाळत राहिली, "घालवलास! माझा माणूस घालवलास!" दुसऱ्या दिवशी तिने आपलं अंथरूण दालनाच्या पार दुसऱ्या टोकाच्या खोलीत नेलं. अक्का म्हणणं बंद झालं. हातोडीने बरोबर केलं की चूक, हे मला विचारू नका. माझा तर दोघींवर जीव आहे.

माडीवर टॉवेल अजून लागतात. पण फळी वाजली की आता बायका टॉवेल बघत नाहीत, आणि काही जणींच्या अहोंना पाकिटाची सवयही झाली आहे. काही जणी खोटं सांगतात. हातोडी रोज गोळी घेते आणि गोळी घेताना मिस्त्रीला एक शिवी देते.

ड्रायव्हर गेल्याला तीन महिने झाल्यावर धाकटीने रक्त पुन्हा तपासून घ्यायचं होतं, कारण लागण ताजी असेल तर लगेच दिसत नाही. त्या सकाळी हातोडी गोळ्या न्यायच्या निमित्ताने केंद्रात जाऊन बाकावर बसली. गोळ्या मिळाल्या तरी उठेना. सिस्टरला विचारलं, "काय निघालं तिचं?"

"दुसरीचा निकाल तुला नाही सांगता येत. ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. वाकड्या बोटांत गोळ्यांची पिशवी धरलेली, आणि नजर आतल्या दारावर.

दार उघडलं. धाकटी बाहेर आली, तिने हातोडीला पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काही नाही निघालं मला!" ती ओरडली. सगळं केंद्र वळून बघायला लागलं. "ऐकलंस? काही नाही! स्वच्छ आहे! म्हणजे त्यांनाही काही नव्हतं! उगाच मोडलास माझा संसार! तुझ्या हाताला कीड पडो, तुझ्या तोंडात माती पडो, मेलीस तरी मी येणार नाही तुझ्या तिरडीला!"

ती आणखी पुष्कळ बोलली. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, गाल लाल झाले होते, आवाज रस्त्यापर्यंत जात होता. हातोडी एकेक शिवी कान देऊन ऐकत होती. धाकटी बोलून बोलून दमली, तिच्या पायाशी थुंकली आणि पायऱ्या उतरून निघून गेली.

सिस्टर जवळ येऊन बसली. "मनावर घेऊ नकोस. तिला कळत नाहीये."

हातोडीने पदराने डोळे पुसले. "तिचा आवाज ऐकलात?" ती म्हणाली. "अजून पन्नास वर्षं शिव्या देईल मला ती."